धूर दिसला म्हणून ऑइल कमी करू नका

टू-स्ट्रोक गाडी मागून धूर सोडायला लागली आणि वर इंजिनही तापून बंद पडायला लागलं, की बहुतेक जण एकच इलाज करतात. ऑइल कमी करायचं. लिटरमागे चार झाकणं टाकणारा दोनवर येतो, आरएक्सवाला मिस्त्रीला सांगून पंपाची केबल ढिली करून घेतो. चार दिवस धूर खरंच कमी दिसतो. मग एखाद्या दुपारी भर रस्त्यात मागचं चाक चरचरत थांबतं आणि पिस्टन चिकटलेला निघतो. धूर आणि तापणं ही बहुतेक वेळा दोन वेगळी दुखणी असतात. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर इंजिन जातं.

परभणी जिल्ह्यात या गाड्या अजून कामावर आहेत. १९८५ ते १९९६ या काळात बनलेली यामाहा आरएक्स १००, राजदूत, म्हैसूरची येझदी, बजाज एम-८०, आणि दुधाचे कॅन नि फवारणीचा पंप वाहून नेणारी जुनी टीव्हीएस एक्सएल. शहरातल्या पोरांनी आरएक्सला शोभेची वस्तू केलं असलं, तरी खेड्यात ती पांदण रस्त्यानेच चालते. या रस्त्याचा आणि इंजिन तापण्याचा संबंध नीट समजून घेतला पाहिजे.

युरोपात ट्रायल्स नावाचा मोटरसायकलचा खेळ आहे. त्यात वेगाला किंमत नाही. खडक, चिखल, ओढे यांतून माणसाच्या चालीने गाडी काढायची. पाय जमिनीला टेकला की गुण जातात. १९६५ साली स्कॉटलंडच्या सिक्स डेज ट्रायलमध्ये सॅमी मिलरने स्पेनच्या टू-स्ट्रोक बुल्टॅकोवर बाजी मारली आणि पुढे या खेळात टू-स्ट्रोकचाच जोर झाला. आजच्या ट्रायल्स गाड्यांना पाण्याचा रेडिएटर आणि वर विजेवर फिरणारा पंखा असतो, कारण चालीच्या वेगात इंजिनाला वारा लागत नाही. आता जुलैमधला सेलू किंवा मानवतकडचा काळ्या रानातला रस्ता डोळ्यांसमोर आणा. पहिला गिअर, अर्धा क्लच, मागे दोन कॅन, रेस चढलेली आणि वेग बैलगाडीचा. हीसुद्धा ट्रायलच, फक्त पंख्याशिवाय. आपल्या गाड्या हवेवर थंड होतात, आणि ती हवा गाडी पळाली तरच मिळते.

म्हणून पहिली तपासणी पान्ह्याशिवायची. चिखलात तापणारी गाडी मोकळ्या डांबरी रस्त्यावर घ्या, परभणी-गंगाखेड रस्त्यावर पंचेचाळीस-पन्नासच्या वेगाने आठ-दहा किलोमीटर चालवा. तिथे पिकअप टिकला, इंजिनाचा आवाज बदलला नाही, तर आतलं यंत्र बहुधा ठीक आहे. दोष वाऱ्याचा आणि ओझ्याचा आहे. मोकळ्या रस्त्यावरही ती मलूल होत असेल, टिंगटिंग वाजत असेल, रेस देऊनही ओढत नसेल, तर गोष्ट मिश्रणाची, इग्निशनची किंवा बोअरची आहे. या एका फेरीने निम्मी शोधाशोध वाचते.

चिखलातलं तापणं आधी संपवू. ब्लॉक आणि हेडवरच्या फिन्स म्हणजे इंजिनाची उष्णता बाहेर टाकणारी पानं. त्यांच्या फटींत काळी माती भरून वाळली की इंजिनावर घोंगडं पांघरल्यासारखं होतं. बाहेरून फडकं मारून ती निघत नाही. इंजिन पूर्ण गार झाल्यावर फटींत पाणी जिरू द्या, मग बांबूची कामटी आणि जुना ब्रश घेऊन एकेक फट मोकळी करा. हेडच्या मागच्या बाजूला, जिथे नजर जात नाही, तिथे सगळ्यात जास्त माती असते. दुसरं म्हणजे मडगार्ड. काळ्या मातीचा चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यात असा ठासून बसतो की चाकच फिरत नाही, आणि आपण ते रेस देऊन ओढत राहतो. पावसाळ्यात पुढचं मडगार्ड वर उचलून बसवणारे किंवा काढूनच ठेवणारे वेडे नाहीत. याखेरीज गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवून पाहा. ब्रेक लायनर घासतो का, चेन जास्त ताणली आहे का ते तिथेच कळतं. क्लच प्लेटा घसरत असतील तर रेस चढते, गाडी चढत नाही आणि इंजिन उगाच तापतं. क्लचची केबल अगदी ताठ ठेवण्याची सवयही प्लेटा घसरवते. लिव्हरला थोडी ढील हवीच.

आता धूर. गाडी उघडायच्या आधी तो नीट पाहा आणि त्याचा वास घ्या, पण मोकळ्या अंगणात. दार लावलेल्या खोलीत टू-स्ट्रोक चालू ठेवून तपासणं जिवावर बेतू शकतं.

सकाळच्या पहिल्या किकला पांढुरका-निळसर धूर येणं आणि दोन-तीन किलोमीटरनंतर विरळ होणं, हा टू-स्ट्रोकचा स्वभाव आहे. त्यावर काहीही करू नका. गाडी आठवडाभर उभी राहिल्यावर ढगच्या ढग निघत असतील आणि नंतर ती शांत होत असेल, तर ऑइल पंप असलेल्या गाडीत पंपापुढचा उलट-झडपेचा बॉल बसत नसावा. उभ्या गाडीत टाकीतलं ऑइल हळूहळू इंजिनात झिरपतं. तो बॉल आणि स्प्रिंग साफ करून पाहा. छोटं काम आहे असं समजून कुणी घाईत करतं आणि स्प्रिंग उडून हरवते, तेव्हा खाली कापड अंथरा.

गाडी तापली तरी निळा धूर थांबत नसेल, वास नेहमीच्या टू-टी ऑइलचा नसून जड, करपट असेल, तर गिअर ऑइलवर संशय घ्या. क्रँकच्या क्लचकडच्या टोकाला ऑइल सील असतं. ते कडक झालं की इंजिन गिअर बॉक्समधलं ऑइल आत ओढून जाळतं. खात्री करणं सोपं आहे. गिअर ऑइल बदलताना मापाने भरा, शे-दोनशे किलोमीटर चालवा, काढून पुन्हा मोजा. खाली कुठेही गळती नाही आणि तरी ऑइल घटलं, तर सील गेलंच. अशा गाडीत टू-टी ऑइल कमी करणारा माणूस धूर जिथून येतोय तो भाग सोडून पिस्टनच्या घशातलं काढून घेतो.

काळा धूर, काळा ओला प्लग आणि भरमसाट पेट्रोल खाणं ही वेगळी तक्रार. पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर धुळीने बंद झालेला असतो, चोक अर्धवट अडकलेला असतो, कार्ब्युरेटरचा फ्लोट वर राहतो किंवा त्याची सुई गळते. हार्वेस्टर चालू असताना रानात फिरलेल्या गाडीचा फिल्टर एका हंगामात विटेसारखा होतो. फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये धुवा, पिळा, सुकवा, थोडं ऑइल चोळून परत पिळा. फिल्टर काढून टाकून गाडी पळवणं हा त्यावरचा उपाय नाही. एक तर काळी धूळ थेट बोअर घासते, शिवाय हवा वाढल्याने मिश्रण विरळ होऊन गाडी तापायला लागते.

आयात केलेल्या, पाण्यावर थंड होणाऱ्या ट्रायल्स किंवा मोटोक्रॉस गाडीत दाट पांढरी वाफ, गोडसर वास आणि रेडिएटरचं पाणी घटणं म्हणजे हेडची ओ-रिंग किंवा पॅकिंग गेलेलं. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत पाणीच नाही, त्यामुळे त्या वाटेला जायचं कारण नाही.

ऑइलचं बोलू. पंप नसलेल्या गाडीत ते पेट्रोलमध्ये मिसळूनच द्यावं लागतं. पन्नासास एक म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, पंचवीसास एक म्हणजे ४० मिलिलिटर. तुमच्या गाडीच्या पुस्तकात जे असेल ते. झाकणाचं माप सोडा, प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळं असतं. जनावरांच्या औषधाच्या दुकानात ५० मिलिलिटरची सिरिंज मिळते, तिच्याइतकं सोयीचं माप नाही. धूर कमी हवा असेल तर ऑइल तेवढंच ठेवून प्रत बदला. बाटलीवर जासो एफसी किंवा एफडी लिहिलेलं असेल ते ऑइल एफबीपेक्षा कमी धुरतं. ट्रॅक्टरचं किंवा फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑइल टाकीत ओतू नका. त्यातले धातूयुक्त घटक जळून राख धरतात आणि प्लगच्या टोकावर खडा जमतो. आणि गॅरेजमधलं जळकं ऑइल गाळून वापरणारे महाभाग अजून आहेत. त्यात दुसऱ्या इंजिनाचं झिजलेलं लोखंड असतं, एवढं सांगून थांबतो.

ऑइल ‘सुरक्षेसाठी’ दुप्पट टाकणंही चूकच. मिश्रणात ऑइल वाढलं तेवढं पेट्रोल घटतं, जेटमधून कमी पेट्रोल जातं, आणि धूर वाढूनही इंजिन आधीपेक्षा गरम चालतं. धूर नि ताप एकत्र दिसले की लोकांचा गोंधळ इथेच होतो.

आरएक्सच्या ऑइल पंपाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: चालू असेल तर हात लावू नका. थ्रॉटलबरोबर तो ऑइल कमी-जास्त करतो. पुलीवरची खूण पुस्तकात सांगितल्याप्रमाणे जुळवायची, धुराकडे पाहून नाही. ऑइलची टाकी कधी रिकामी झाली असेल तर नळीत हवा अडकते. पंपाचा ब्लीड स्क्रू ढिला करून बुडबुडे संपेपर्यंत ऑइल वाहू द्या आणि तोवर पेट्रोलच्या टाकीत थोडं ऑइल मिसळलेलं पेट्रोल ठेवा. जुनी आरएक्स विकत घेणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा, पंप आहे की काढलाय? पंप काढलेल्या गाडीत नव्या मालकाने नुसतं पेट्रोल भरायचं आणि वीस किलोमीटरवर इंजिन जाम करायचं, हा प्रकार कुठल्याही मिस्त्रीला नवा नाही.

आता खरं तापणं, म्हणजे मोकळ्या रस्त्यावरचं. याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे विरळ मिश्रण, पेट्रोल कमी नि हवा जास्त. नवा प्लग लावा, चौथ्या गिअरात भरपूर रेसने किलोमीटरभर ओढा, मग क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करा आणि प्लग काढा. चिनीमाती बिस्किटाच्या रंगाची असेल तर बरं. पांढरीफटक असेल, वर बारीक चमकते कण दिसत असतील, तर ते कण पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे; गाडी तिथेच थांबवा. प्लगचा गॅप साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर, आणि कंपनीने सांगितलेल्यापेक्षा गरम श्रेणीचा प्लग लावलेला नाही ना, तेही पाहा.

पेट्रोल कमी का पडतं? आधी फुकटातलं तपासा. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक चिखलाने बुजलं, की काही किलोमीटरनंतर टाकीत ओढ तयार होऊन पेट्रोल उतरत नाही. झाकण उघडताच फुस्स आवाज येतो आणि गाडी सुधारते. कॉकची जाळी, मेन जेटमधला गाळ, कार्ब्युरेटर आणि ब्लॉक यांच्यामधल्या रबराला गेलेला तडा, हेही पाहा. रेस सोडल्यावर इंजिन लगेच खाली येत नसेल, आपोआप वर वर जात असेल, तर कुठून तरी चोरटी हवा शिरते आहे. जोडांवर ब्रशने साबणाचं पाणी किंवा थोडं टू-टी ऑइल लावून पाहा. आवाज बदलला तर जागा सापडली. गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडून ही परीक्षा घेणारे मिस्त्री आहेत. त्यांच्यापासून गाडी आणि स्वतःला, दोघांना लांब ठेवा.

बाहेर काही सापडलं नाही तर मॅग्नेटकडचं ऑइल सील. तिथून हवा शिरते, धूर येत नाही, म्हणून ते शेवटपर्यंत लपून राहतं. याची पक्की परीक्षा दाबाची. सायलेन्सर आणि कार्ब्युरेटर काढून दोन्ही तोंडं रबर-पट्टीने बंद करा, पिस्टन खाली आणा. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून उरलेल्या लोखंडी बॉडीत नळी बसवा आणि तिला रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा नि डायल जोडा. काटा ३०० वर आला की सुमारे ५.८ पौंड दाब झाला, तेवढा पुरे. टायरचा पंप लावाल तर चांगलं सीलही उडून जाईल. काटा मिनिटभरात झपाट्याने उतरला तर साबणाच्या पाण्याने बुडबुडे शोधा. मॅग्नेटकडचं सील बहुतेक गाड्यांत मॅग्नेट काढून बाहेरूनच बदलता येतं; क्लचकडच्या सीलला अनेकदा इंजिन उघडावं लागतं.

अलीकडे एक नवं कारण जमा झालं आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी त्याला नावं ठेवणं बरं दिसणार नाही, पण आरएक्सचा जेट ठरवला तेव्हा ते पेट्रोलमध्ये नव्हतं. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणतं, त्यामुळे त्याच जेटमधून जाणारं मिश्रण आता विरळ पडतं. नीडलची क्लिप एक खाच खाली लावा, म्हणजे नीडल वर येऊन पेट्रोल वाढेल. पूर्ण रेसवर प्लग तरी पांढरा येत असेल तर मेन जेट एक नंबर मोठा. इथेनॉल पाणी ओढून घेतं. जास्त दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आणि फ्लोटची वाटी रिकामी करून ठेवा.

हवामानही हिशेबात घ्या. परभणीचा मे ४४-४५ अंशांचा, आणि थंडीत पाच-सहा अंशांवर उतरलेला पाराही आपण पाहिला आहे. एवढ्या फरकात हवा जवळजवळ १४ टक्क्यांनी दाट होते. म्हणजे मे महिन्यात काटेकोर बसवलेला जेट डिसेंबरच्या पहाटे कमी पडतो. उन्हाळ्यात गाडी तापते हे सगळ्यांना माहीत असतं. पण मिश्रणापायी पिस्टन चिकटण्याची भीती हिवाळ्यात जास्त, आणि तेव्हा कुणाचं लक्ष नसतं.

सायलेन्सर विसरू नका. ऑइल जळून बाफलवर डांबरासारखा थर बसतो, जळलेला वायू बाहेर पडायला जागा उरत नाही, गाडी दमते आणि तापते. मागचा स्क्रू काढून बाफल ओढा, कार्बन जाळून खरवडा, त्याच वेळी ब्लॉकचं एक्झॉस्टचं तोंडही पिस्टन खाली ठेवून लाकडी पट्टीने साफ करा. बाफल काढून फेकणं मात्र वेगळी भानगड. आवाज वाढतो, पोलीस अडवतात आणि जेट बदलला नसेल तर मिश्रण बिघडतं. येझदी, राजदूतसारख्या पॉइंटवाल्या गाडीत टायमिंग तपासून घ्या. ते फार पुढे गेलं तर इंजिन ठोकतं, फार मागे पडलं तर सायलेन्सरचा गळा लाल होतो, तापते दोन्हीकडून.

रस्त्यात गाडी गरम होऊन ओढेनाशी झाली तर लगेच क्लच दाबा. पिस्टन अॅल्युमिनियमचा, बोअर बिडाचा. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून पिस्टन आत आवळला जातो. लिंबाच्या सावलीत अर्धा तास उभी करा. वर पाणी ओतू नका, बिडाला तडा जाऊ शकतो. हात लावण्याइतकं गार झाल्यावर किक हळू दाबून पाहा; खरखर लागली तर चालू न करता ढकलत न्या. मिसळलेल्या पेट्रोलवरची गाडी जिंतूरकडच्या लांब उतारावर रेस पूर्ण बंद करून गिअरमध्ये पळवू नका, कारण पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद. मधूनमधून थोडी रेस देत राहा किंवा क्लच दाबा.

बोअर करायची वेळ आलीच, तर पिस्टन आधी विकत घ्या आणि लेथवाल्याला तो हातात देऊनच बोअर मापात करायला सांगा, ०.२५ चा पिस्टन म्हणजे प्रत्येक कंपनीचा सारखाच असतो असं नाही. काम झाल्यावर पोर्टच्या कडांवरून बोट फिरवा. त्या धारदार लागल्या तर चॅम्फर केलेलं नाही, रिंग तिथे अडकून तुटेल. आणि ज्या कारणाने आधीचा पिस्टन गेला ते सापडल्याशिवाय नवा बसवू नका. सीलमधून हवा शिरत असेल तर नव्या पिस्टनलाही ती तशीच भोवते.

शेवटी पीयूसी. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएमची मर्यादा आहे. त्यानंतरच्या, बीएस-४ च्या आधीच्या टू-स्ट्रोकला ३.५ टक्के आणि ६०००. मोजणी संथ रेसवर होते, म्हणून काही जण एअर स्क्रू भरपूर बाहेर फिरवून हवा वाढवतात आणि पास होतात. एमएच-२२ ची जुनी गाडी घेऊन जाणार असाल तर जाण्यापूर्वी तो स्क्रू पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे बसतात ते मोजून कागदावर लिहा, आणि केंद्रातून बाहेर पडताच त्याच फेऱ्यांवर परत आणा.